महागडे पेट्रोल भरावे का? ९५ ऑक्टेनचा सहा टाक्यांचा अनुभव

माझी गाडी २०१६ सालची, बाराशे सीसीची, टर्बो नसलेली साधी पेट्रोल गाडी आहे आणि महिन्यातून दोनदा ती पुणे-कोल्हापूर अशी धावते. पंपावर दर वेळी ‘साधे की पॉवरवाले?’ असा प्रश्न येत असल्याने मी तीन टाक्या साध्या पेट्रोलच्या आणि तीन टाक्या ९५ ऑक्टेनच्या प्रीमियम पेट्रोलच्या, दर वेळी टाकी फुल्ल करून आणि किलोमीटर वहीत लिहून, वापरून पाहिल्या.

ऑक्टेनचा आकडा वाढला म्हणजे पेट्रोलमधील ताकद वाढली, हा आपल्याकडचा सर्वांत मोठा गैरसमज आहे. सिलिंडरमध्ये दाब वाढत असताना ठिणगी पडण्याआधी किंवा ठिणगीनंतर वेडेवाकडे पेट न घेण्याची पेट्रोलची क्षमता तेवढी हा आकडा सांगतो. ही क्षमता कमी पडली की चढावर इंजिन ठोकते. चार माणसे आणि सामान घेऊन खंबाटकी घाट तिसऱ्या गिअरमध्ये चढताना माझ्या गाडीतून पूर्वी पत्र्याच्या डब्यात खडे खुळखुळावेत तसा आवाज येई. गेल्या वर्षापासून तो साध्या पेट्रोलवरही येत नाही, आणि याचे कारण समजल्यावर प्रीमियमविषयीचे माझे मत बदलले. बीएस-६ च्या, म्हणजे वाहनांच्या प्रदूषणाला आळा घालणाऱ्या सरकारी नियमांच्या, निकषांनुसार साधे पेट्रोल ९१ ऑक्टेनचे होते. आता त्यात २० टक्के इथेनॉल, म्हणजे उसासारख्या पिकांपासून बनणारे अल्कोहोल, मिसळतात. इथेनॉलचा स्वतःचा ऑक्टेन शंभराच्या वर असल्यामुळे या मिश्रणानंतर साधे पेट्रोलच ९५ पर्यंत पोहोचले आहे. म्हणजे ज्यासाठी मी तेव्हा लिटरमागे सात-साडेसात रुपये जास्त मोजले, ते बहुतांशी साध्या नोझलमधूनही मिळते.

वहीतील आकडेही तेच सांगतात. साध्या पेट्रोलवर ॲव्हरेज १५.४ आले, प्रीमियमवर १५.६. एवढा फरक टायरमधील हवेनेही पडतो, आणि हिशेब केला तर प्रीमियमवर किलोमीटरमागे सुमारे ४० पैसे जास्तच गेले. पिकअपमध्ये मला काहीच फरक जाणवला नाही. प्रीमियममध्ये इंजेक्टर स्वच्छ ठेवणारी द्रव्ये अधिक असतात हे खरे. पण तीन टाक्यांत त्यांचा गुण कळणे शक्य नाही, म्हणून त्यावर मी मत देत नाही.

खरी काळजी वेगळीच आहे. हीच गाडी २०१९ मध्ये याच रस्त्यावर साडेसोळा देत असे. इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या साधारण दोन-तृतीयांशच ऊर्जा असते, आणि जुन्या बनावटीच्या चारचाकींचे ॲव्हरेज सहा-सात टक्के घटेल असा अंदाज नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यातच दिला होता. कोल्हापूर-सांगलीच्या उसाला आणि मळीला इथेनॉल मिसळण्याच्या या धोरणामुळे गिऱ्हाईक मिळाले याचा मला मनापासून आनंद आहे, तरी जुन्या गाडीच्या मालकाने इंधनाच्या रबरी नळ्या आणि सील एकदा मेकॅनिककडून तपासून घ्यावेत. माझी एक नळी टोकाशी फुगून मऊ पडली होती, ती बदलली. इथेनॉल ओलावा शोषून घेते, त्यामुळे पावसाळ्यात गाडी आठवडेच्या आठवडे उभी ठेवणेही टाळावे.

माझ्या भाच्याच्या टर्बो गाडीच्या पुस्तिकेत किमान ९५ ऑक्टेन असे स्पष्ट लिहिले आहे, तेव्हा त्याने ते पाळावे. शंभर ऑक्टेनचे पेट्रोल लिटरला दीडशेच्या वर जाते. ते उच्च दाबाच्या, शर्यतीच्या जातीच्या इंजिनांसाठी आहे, आपल्या रोजच्या गाड्यांसाठी नव्हे. निर्णय घेण्याआधी टाकीच्या झाकणामागचे स्टिकर आणि पुस्तिकेतील इंधनाचे पान जरूर वाचावे.

एका पंपावर मला न विचारताच प्रीमियमचे नोझल लावले गेले आणि बिल हाती आल्यावरच ते कळले. तेव्हापासून मी गाडीतून उतरतो, कोणते पेट्रोल हवे ते सांगतो, मीटरवरचे शून्य पाहतो, आणि मापाविषयी शंका आली तर पाच लिटरचे प्रमाणित माप मागतो. ते दाखवणे प्रत्येक पंपाला बंधनकारक आहे.