समुद्रातला ऑक्सिजन: विंकलर की ऑप्टिकल सेन्सर?

गोव्यासमोरच्या उथळ समुद्रात पावसाळ्याच्या शेवटी तळाजवळचा ऑक्सिजन जवळपास संपतो. खोल अरबी समुद्रात साधारण 150 ते 1000 मीटरदरम्यान तो वर्षभर अत्यल्प असतो. नेमकी इथेच मोजणी चुकते.

विंकलरची पद्धत, म्हणजे पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन रसायनांनी मोजण्याची रीत, 1888 सालची, पण आजही कसोटीचा दगड तीच. नळी बाटलीच्या तळापर्यंत सोडायची, बाटलीच्या तिप्पट पाणी वाहून जाऊ द्यायचं, बुडबुडा एकही नको. मग मँगनीज क्लोराइड आणि अल्कधर्मी आयोडाइड पाण्याच्या पृष्ठभागाखाली सोडायचं. साका (तळाशी बसणारा गाळ) तपकिरी आला तर ऑक्सिजन आहे. पांढराफटक राहिला तर जवळजवळ नाही. साका खाली बसला की आम्ल घालायचं; ऑक्सिजनच्या प्रमाणात आयोडीन मोकळं होतं, ते थेंबथेंब थायोसल्फेट घालून मोजायचं, हेच टायट्रेशन.

मात्र रसायनांतच विरघळलेला ऑक्सिजन असतो, त्यामुळे शून्याजवळ आकडा फुगतो. नायट्राइटही तो वाढवतं, त्यावर अझाइड हे रसायन घालणं हा उपाय. हायड्रोजन सल्फाइड असेल तर उलट, आयोडीन खाल्लं जातं आणि आकडा घटतो.

ऑप्टिकल सेन्सर, म्हणजे प्रकाशाच्या मदतीने ऑक्सिजन मोजणारं उपकरण, दर मीटरला नोंद देतो, ऑक्सिजन नेमका कुठे कोसळतो ते दिसतं. पण तो सावकाश प्रतिसाद देतो, म्हणून विंच (उपकरण खाली सोडणारं दोराचं यंत्र) भरभर सोडली की उतार पुसट होतो. क्षारतेची दुरुस्ती विसरू नका. ऑक्सिजन संपवणाऱ्या सोडियम सल्फाइटच्या द्रावणात शून्य तपासा; काही महिन्यांत सेन्सरचा आकडा सरकतो.

आमचं मत: सेन्सर खाली सोडा, पण प्रत्येक फेरीत चार-पाच खोलींवर विंकलरच्या बाटल्या भराच.