737 चं सिम्युलेटर, अंधेरी पूर्व: जमिनीतलं झाकण सोडून बाकी झकास

पाचपैकी साडेतीन स्टार. अंधेरी पूर्वेला एका औद्योगिक इमारतीत बोइंग 737 चं कॉकपिट उभं केलंय. तासाला सहा हजार रुपये, वर जीएसटी. पैसे भाच्याने भरले म्हणून गेलो, नाहीतर तेवढ्यात माणूस खऱ्या विमानाने गोव्याला जाऊन येईल. लिफ्ट मालाची, पार्किंग नाही, एसी मात्र कडक.

माझी नोकरी सगळी हँगरमध्ये गेली, विमानांच्या हायड्रॉलिक्सवर, म्हणजे तेलाच्या दाबावर चालणाऱ्या यंत्रणेवर. त्यामुळे दुबईच्या टॉवरांमधून उडवण्याची वगैरे पॅकेजं आहेत ती मी ऐकूनच घेतली नाहीत. इन्स्ट्रक्टरला म्हटलं, "पुढचं चाक न उतरणारं विमान दे." पंचविशीतला पोरगा, लायसन्स खिशात, नोकरीची वाट बघतोय. हसून म्हणाला, "काका, व्हिडिओ बघून सगळे तेच मागतात."

पोरगा हुशार आहे, हे पुढच्या पाच मिनिटांत कळलं. पडद्यावर घाटकोपरच्या बाजूने मुंबईच्या 27 नंबरच्या धावपट्टीवर येत होतो. गिअरचा, म्हणजे चाकं उतरवायचा, दांडा खाली केला, तर मागचे दोन दिवे हिरवे, पुढचा लाल. मला वाटलं, आता हा सरळ उतरवायला लावणार आणि टाळ्या वाजवणार. त्याने विमान पुन्हा वर न्यायला लावलं, समुद्रावर घिरट्या घालायला लावल्या आणि विचारलं, "आता काय करणार?" चेकलिस्ट भाच्याच्या मांडीवर ठेवली. नियम असा की एकाने फक्त विमान उडवायचं, दुसऱ्याने वाचायचं. भाचा दहावीच्या वर्गात धडा वाचावा तसा मोठमोठ्याने वाचत होता.

737 ला हवेत इंधन ओतून टाकायची सोय नाही, ते जाळावंच लागतं. वजन उतरलं की उतरण्याचा वेग कमी होतो आणि नाक घासलं जाईल तेव्हा जिरवायची ऊर्जाही कमी राहते. हे सगळं त्याने आकडे दाखवून समजावलं. केबिन क्रूला काय सांगायचं, अग्निशमनवाल्यांना कधी कळवायचं, तेही. यासाठी त्याला पूर्ण मार्क. खरं उदाहरण घ्या: 21 सप्टेंबर 2005 ला लॉस एंजेलिसला पायलट स्कॉट बर्क यांनी एअरबस ए320 विमान उतरवलं. पुढची चाकं 90 अंशात आडवी वळलेली, प्रवासी सीटसमोरच्या टीव्हीवर स्वतःचंच विमान बघतायत. उतरताना उडालेल्या ठिणग्या सगळ्यांना आठवतात. त्याआधी तीनेक तास इंधन जाळत काढले, त्याचा व्हिडिओ कोण फॉरवर्ड करणार? 146 जण होते, कोणाला खरचटलंसुद्धा नाही.

आता माझी तक्रार. चेकलिस्टमध्ये पुढे येतं हाताने गिअर सोडणं. खऱ्या 737 मध्ये उजव्या सीटच्या मागे जमिनीत एक झाकण असतं. आत तीन मुठी: पुढच्या गिअरची एक, डाव्या-उजव्याची एकेक. मूठ ओढली की केबल अपलॉक, म्हणजे गिअर वर धरून ठेवणारी कडी, सोडवते आणि गिअर स्वतःच्या वजनाने खाली पडतो. हायड्रॉलिक प्रेशर शून्य असलं तरी चालतं. इथे त्या जागी प्लायवूडवर स्टिकर! पोराने टॅबलेटवर बोट लावलं, म्हणाला, "समजा ओढलं आणि चाक नाही आलं." समजा म्हणजे काय? ज्यासाठी वाकायचं, शोधायचं, ओढायचं तेच नाही.

हे मी उगाच ताणत नाहीये. 1 नोव्हेंबर 2011 ला वॉर्साला पायलट तादेउश व्रोना यांनी बोइंग 767 पोटावर उतरवलं. आत 231 माणसं, सगळी सुखरूप. हात सोन्याचे, वादच नाही. हायड्रॉलिकची एक नळी न्यूअर्कहून निघाल्यावर लगेचच गळाली होती. पण गिअर उतरवायची दुसरी, विजेवरची व्यवस्था चालली नाही, कारण फर्स्ट ऑफिसरच्या, म्हणजे सहवैमानिकाच्या, बाजूला खाली, जमिनीलगतचा एक सर्किट ब्रेकर बाहेर आलेला होता. विमान नंतर उचललं, ब्रेकर आत दाबून वीज दिली, तर चाकं उतरली. म्हणून म्हणतो, पायलटला खाली बघायची सवय लावणारं सिम्युलेटर हवं, आणि इथे नेमकी खालचीच जागा खोटी.

उतरवण्याचा भाग मजेचा आहे, पण अर्धवट. मागची चाकं टेकली की योक, म्हणजे पायलटसमोरचं स्टिअरिंग, ओढून नाक वर धरायचं आणि एलिव्हेटरमध्ये, म्हणजे शेपटीवरच्या नाक वर-खाली करणाऱ्या फळ्यांमध्ये, दम आहे तोवरच हळूहळू खाली ठेवायचं. उशीर केला तर नाक आपटतं. खऱ्या विमानात वेग उतरला की योक हलका पडतो, हाताला कळतं. इथे साधी स्प्रिंग, शेवटपर्यंत तेवढीच कडक. शिवाय सीट हलत नाही. नाक टेकलं तेव्हा स्पीकरमधून खर्रर्र झालं आणि त्याच वेळी शेजारच्या गाळ्यातली मशीनही सुरू झाली, त्यामुळे विमान नक्की कुठे थांबलं ते पडद्याकडे बघूनच कळलं.

सप्टेंबर 2025 मध्ये कांडल्याहून मुंबईला निघालेल्या क्यू400 या पंख्याच्या विमानाचं एक चाक उड्डाणाच्या वेळीच निखळून पडलं होतं आणि विमान मुंबईत नीट उतरलं. म्हणून विचारलं, मागचा एखादा गिअर बिघडवता येतो का? एका बाजूवर उतरायचं आणि दुसरा पंख एलेरॉनने, म्हणजे पंखाच्या कडेच्या हलत्या फळीने, जमेल तितका वेळ उचलून धरायचा, हे खरं कौशल्याचं काम. पण यांच्याकडे बिघाडाचं बटण पुढच्या चाकापुरतंच आहे. तेवढंच शिकवायचं असेल तर जाहिरातीत "सर्व इमर्जन्सी" असं लिहू नये.

जायचं असेल तर पूर्ण तासाचंच घ्या, अर्ध्या तासात चेकलिस्टच संपत नाही. दोघांनी जा, एकट्याने मजा नाही. आणि बुकिंग करताना इन्स्ट्रक्टर कोण आहे ते विचारा. काउंटरवर बसतात ते दुसरे गृहस्थ थेट धावपट्टीसमोर नेऊन सोडतात, असं भाच्याचा मित्र सांगत होता.