हृदय-फुप्फुस यंत्राचे दुष्परिणाम अभ्यासण्यासाठी: रॅट की ससा?

हृदय-फुप्फुस यंत्रावर (शस्त्रक्रियेदरम्यान हृदय आणि फुप्फुसांचे काम करणाऱ्या यंत्रावर) ठेवल्यानंतर शरीरभर उसळणारा दाह, मूत्रपिंडांना होणारी इजा आणि स्मरणशक्तीतील घट यांवर प्रबंध करू पाहणाऱ्यांपुढे बहुधा हेच दोन पर्याय उरतात. मी दोन्हींवर काम केले आहे. (मराठीत माऊसही उंदीर आणि रॅटही उंदीरच, म्हणून येथे प्रयोगशाळेतलाच शब्द ठेवला आहे.)

शस्त्रक्रियेच्या सोयीने पाहिले, तर ससा सरस आहे हे मान्य करावे लागेल. तीन किलोच्या सशात सुमारे १७० मिलिलिटर रक्त असते, त्यामुळे महाधमनीला चिमटा लावून हृदय थांबवता येते आणि तपासणीसाठी वारंवार रक्त घेतले तरी प्राणी खचत नाही. ४५० ग्रॅमच्या रॅटमध्ये जेमतेम ३० मिलिलिटर रक्त असते. यंत्राच्या नळ्या भरायलाच तेवढा द्रव लागला, तर दात्या रॅटचे रक्त मिसळावे लागते आणि त्या परक्या रक्ताने चढलेला दाह यंत्राच्या नावावर जमा होतो. नळ्या आखूड करून या द्रवाचे आकारमान १०-१२ मिलिलिटरवर आणले, की ही अडचण बरीचशी मिटते.

सशाची जी अडचण मला कधीच मिटवता आली नाही, ती छाती उघडण्याची. आमच्या पद्धतीत नियंत्रण गटातील, म्हणजे यंत्राला न जोडलेल्या सशांचीही छाती उघडलेली असे, आणि त्यांच्या रक्तातले इंटरल्यूकिन-६ हे दाहदर्शक प्रथिन इतके वाढे, की हा दाह छातीवरच्या जखमेचा की यंत्राचा, हे मला एकदाही ठामपणे लिहिता आले नाही. रॅटमध्ये मानेच्या शिरेतून रक्त बाहेर काढून शेपटीच्या धमनीतून परत देता येते. छाती अखंड राहते, प्राणी शुद्धीवर येऊन खाऊ लागतो आणि काही आठवड्यांनी त्याला पाण्यातल्या चक्रव्यूहात सोडून स्मरणशक्तीही तपासता येते. १९३५ मध्ये या यंत्राचे जनक, अमेरिकी शल्यविशारद जॉन गिबन यांनी मांजरांवर यंत्र चालवले, तेव्हा प्राणी तगतो का, एवढाच प्रश्न होता. आपला प्रश्न तगल्यानंतरच्या दिवसांचा आहे.

शेपटीची धमनी आकसते आणि हात बसेपर्यंत बरेच रॅट हातचे जातात, हे खरे. थांबवलेल्या हृदयाच्या स्नायूला होणारी इजाच ज्यांना पाहायची आहे, त्यांनी कदाचित सशाकडेच जावे. इतरांना मी, थोड्या संकोचाने का होईना, रॅटच सुचवीन. मात्र प्राणी नैतिकता समितीकडे अर्ज करताना दात्या रॅटची संख्याही धरावी. ती वगळलेला माझा पहिला अर्ज परत आला होता.