ओपेथचा 'द लास्ट विल अँड टेस्टामेंट' (सीडी) – सोळा वर्षं वाट बघितली त्याचं चीज झालं

२२ नोव्हेंबर २०२४, शुक्रवार, अल्बम आला तो दिवस. ऑफिसात हाफ डे टाकला, घरी येऊन फोन बंद केला आणि हेडफोन लावून बसलो ते लागोपाठ तीनदा अख्खा अल्बम ऐकूनच उठलो, मधे फक्त पाणी प्यायला गेलो असेन. नंतर सीडी मागवली. तेव्हापासून रोज नाही पण आठवड्यातनं दोनतीनदा तरी लागतोच, आणि आता कुठे वाटायला लागलंय की यावर काहीतरी नीट लिहिता येईल, पहिल्या दिवशी लिहिलं असतं तर त्यात फक्त आनंद असता, बाकी काही नसतं.

ज्यांना बँड माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. ओपेथ ही स्वीडनची, स्टॉकहोमची बँड. पहिला अल्बम ऑर्किड, १९९५ चा. मिकाएल ओकरफेल्ट गातो, गिटार वाजवतो आणि जवळपास सगळं तोच लिहितो. यांचं वैशिष्ट्य म्हणजे एकाच गाण्यात डेथ मेटल, सत्तरच्या दशकातला प्रोग रॉक (लांब, गुंतागुंतीच्या रचनांचा रॉक), अकूस्टिक गिटार, थोडं जॅझ, सगळं नांदतं, आणि ओकरफेल्टच्या एकाच गळ्यातनं दोन माणसं बाहेर पडतात. एक आवाज एकदम मऊ, स्वच्छ, अंगाई म्हणावी असा, आणि दुसरा तो ग्राउल, म्हणजे गुरगुरणारा, घोगरा, विहिरीच्या तळातनं आल्यासारखा. ग्राउल करणारे पुष्कळ आहेत पण ओकरफेल्टच्या ग्राउलमधे शब्द कळतात, त्यात रागापेक्षा दुःख जास्त असतं, आणि मला तरी असा दुसरा कोणी सापडलेला नाही.

मी यात पडलो २००७ मधे. साताऱ्याहून पुण्यात इंजिनिअरिंगला आलेलो, हॉस्टेलमधे रूममेटच्या हार्डडिस्कवर ब्लॅकवॉटर पार्क होता, २००१ चा, पॉर्क्युपाईन ट्री बँडच्या स्टीव्हन विल्सनने प्रोड्यूस करायला मदत केलेला. पहिल्यांदा पाच मिनिटांत बंद केला. मग परीक्षेच्या आदल्या रात्री झोप येईना म्हणून परत लावला आणि सकाळ झाली. तोपर्यंत मी मेटल म्हणजे मेटालिका आणि आयर्न मेडन एवढंच ऐकलेलं, गाणं बारा मिनिटांचं असू शकतं आणि त्यातलं एक मिनिटही जास्तीचं वाटत नाही हे मला त्या रात्री कळलं. पुढच्या वर्षी वॉटरशेड आला तेव्हा मुंबईला जाऊन काळा घोड्याच्या ऱ्हिदम हाऊसमधनं सीडी आणली (ते दुकान २०१६ ला बंद झालं, अजून तिकडनं जाताना कसंतरी होतं). परतीच्या गाडीत ऐकायला काही साधन नव्हतं, म्हणून पुण्यापर्यंत नुसतं आतलं पुस्तक वाचत आणि चित्रं बघत आलो.

आणि तो वॉटरशेड हाच ग्राउल असलेला शेवटचा अल्बम ठरला.

२०११ ला हेरिटेज आला आणि त्यात ग्राउल नाहीच. पेल कम्युनियन (२०१४) नाही, सॉर्सरेस (२०१६) नाही, इन कॉडा वेनेनम (२०१९) नाही. हे वाईट अल्बम आहेत असं मी अजिबात म्हणणार नाही, पेल कम्युनियन तर मला फार आवडतो, आणि इन कॉडा वेनेनम त्यांनी स्वीडिश आणि इंग्रजी अशा दोन्ही भाषांत काढला त्यातला स्वीडिश जास्त ऐका, भाषा कळत नसली तरी ओकरफेल्ट त्यात जास्त मोकळा गातो. पण आमच्या ग्रुपमधले निम्मे लोक २०११ लाच गळाले. मी नाही गळालो. कलाकाराला एखाद्या गोष्टीचा कंटाळा आला तर त्याने ती सोडावी, नुसतं आपल्यासाठी करत राहू नये असं मी मनापासून मानतो, तरीपण प्रत्येक नव्या अल्बमला पहिल्या ऐकण्यात कुठेतरी कान त्या आवाजाची वाट बघायचेच, हे खरंय.

स्टेजवर मात्र तो आवाज कधी गेला नव्हता. २०१९ ला एनएच सेव्हन वीकेंडर या म्युझिक फेस्टिव्हलला ओपेथ पुण्यात आली. आमच्या पुण्यात! बारा वर्षं ज्यांना हेडफोनमधे ऐकलं ते समोर उभे, दोन गाण्यांच्या मधे ओकरफेल्ट त्याच्या त्या शांत आवाजात गमती सांगतोय, आणि मग मान खाली घालून जुन्या गाण्यात पहिला ग्राउल काढला तेव्हा माझ्या बाजूला एक अनोळखी पोरगा रडत होता आणि मी पण. त्या रात्री घरी जाताना वाटलं की गळा तर अजून शाबूत आहे, मग नव्या गाण्यात का नाही? या अल्बममधे ग्राउल परत आलाय, आणि त्याचं उत्तर मला इथेच मिळालं.

तर आता अल्बम. एकूण सुमारे ५१ मिनिटं, आठ गाणी, आणि त्यातल्या पहिल्या सात गाण्यांना नावच नाही. नावाच्या जागी फक्त कायद्याच्या कागदात कलमाला असतं ते चिन्ह आणि पुढे आकडा. कलम एक, कलम दोन, असं सातपर्यंत. कारण अख्खा अल्बम म्हणजे एक मृत्युपत्र आहे. पहिल्या महायुद्धानंतरचा काळ, एक श्रीमंत, जुन्या वळणाचा घरचा कर्ता पुरुष वारलाय, त्याच्या हवेलीत मृत्युपत्र वाचलं जातंय. समोर त्याची जुळी मुलं बसलीत आणि त्यांच्यासोबत एक पोलिओ झालेली मुलगी, अनाथ, या घराने सांभाळलेली. ही इथे कशी, असा प्रश्न जुळ्यांना पडतो. आणि मग एकेका कलमात बाप घराची एकेक लपवलेली गोष्ट बाहेर काढतो. आठवं गाणं, ज्याला नाव आहे, 'अ स्टोरी नेव्हर टोल्ड', ते मृत्युपत्राच्या बाहेरचं आहे आणि तिथे जे कळतं ते मी इथे सांगणार नाही, शब्द समोर ठेवून स्वतः ऐका.

आमच्याकडे आजोबांचं मृत्युपत्र असंच वाचलं होतं, साताऱ्याच्या घरात माडीवर. मी दहावीत होतो. वकील एकेक कलम वाचत होते, जमीन कोणाला, घराचा कुठला भाग कोणाला, आणि खोलीत इतकी शांतता की खालच्या घड्याळाचे टोले ऐकू येत होते, कोणी कोणाकडे बघत नव्हतं. आमच्याकडे काही भयंकर गुपित निघालं नाही, पण एका काकांचं नाव जिथे यायला पाहिजे होतं तिथे आलं नाही आणि त्यानंतर ते काका दिवाळीला कधी आले नाहीत. गेलेल्या माणसाशी वाद घालता येत नाही. तो बोलतो आणि बाकीच्यांनी नुसतं ऐकायचं. हा अल्बम ऐकताना मला सारखी ती माडी आठवते, आणि ग्राउल का परत आला तेही मला तिथेच कळलं. हा ग्राउल त्या मेलेल्या बापाचा आवाज आहे. जुन्या ओपेथमधे ग्राउल हा गाण्याचा एक रंग होता, इथे ते एक पात्र आहे, हुकूम सोडणारं, उलट उत्तर ऐकून न घेणारं. लोकांना खूश करायला त्यांनी जुना आवाज परत आणलेला नाही, गोष्टीला तो आवाज पाहिजे होता म्हणून आणलाय, आणि म्हणूनच सोळा वर्षांनी तो इतका ताजा वाटतो.

आता वाजवण्याबद्दल. ड्रमर नवीन आहे, वाल्टेरी वायरुनेन, फिनलंडचा, आधी पॅराडाईज लॉस्ट या बँडमधे होता, २०२२ ला ओपेथमधे आला आणि स्टुडिओत यांच्यासोबत हा त्याचा पहिलाच अल्बम. पुण्यात आम्ही बघितला तो आधीचा ड्रमर अ‍ॅक्झेनरोट, तो २०२१ ला बाहेर पडला. मला धास्ती होती, कारण ओपेथचा ड्रमर म्हणजे नुसता ताकदवान असून भागत नाही, हळू वाजवता आलं पाहिजे, थांबता आलं पाहिजे. या पोराला दोन्ही येतं. पहिल्या कलमात मेंडेझचा बास आणि याचे ड्रम्स एकमेकांभोवती असे फिरतात की मी दोन दिवस फक्त तेवढाच भाग ऐकत होतो, गिटारकडे लक्षच गेलं नाही. (मेंडेझ उरुग्वेचा, १९९७ पासून ओकरफेल्टसोबत आहे, आणि बँडबद्दल बोलताना लोक त्याला विसरतात याचं मला कायम वाईट वाटतं.) योआकिम स्वालबर्गचे कीबोर्ड आणि व्हायोलिन-चेलोंचा ताफा अल्बमभर आहे पण कुठेही गोड सजावट म्हणून नाही, उलट जिथे गिटार थांबते तिथे ते अजून अस्वस्थ करतात.

आणि चौथं कलम! जेथ्रो टल या जुन्या इंग्लिश प्रोग बँडचे इयान अँडरसन या अल्बमवर आहेत, बासरी पण वाजवतात आणि मधेमधे मृत्युपत्रातला मजकूर वाचतात पण. ओकरफेल्ट जी सत्तरच्या दशकातली रेकॉर्डं जमवत मोठा झाला त्यातलाच एक माणूस त्याच्या रेकॉर्डवर येऊन वाजवतोय, हे फॅन म्हणून मला फार मोठं वाटतं. चौथ्या कलमात आधी हार्प येतं, मग बासरी, सगळं हलकं होतं, आपण जरा सैल होऊन बसतो आणि तेवढ्यात ग्राउल असा येतो की अंगावर काटा. इतक्यांदा ऐकून झालंय तरी येतो. दुसऱ्या कलमात युरोप बँडचा जोई टेम्पेस्ट पण आहे, मला ते नंतर वाचून कळलं. माझं सगळ्यात आवडतं मात्र पाचवं. साडेसात मिनिटांचं, पोटात गोळा आणणारं, त्यात तंतुवाद्यांचा एक भाग आहे अरबी वळणाचा, तो सुरू झाला की मी हातातलं काम ठेवतो.

शेवटच्या गाण्यात ग्राउल नाही, बाप बोलायचा थांबलाय. नुसता ओकरफेल्टचा मऊ आवाज आणि शेवटी लांब गिटार सोलो. सात कलमं त्या दडपणाखाली काढल्यावर हे गाणं येतं तेव्हा खोलीतले लोक उठून गेलेत आणि आपण एकटेच उरलोय असं वाटतं. ते वेगळं काढून प्लेलिस्टमधे टाकू नका, त्याच्या आधीची चव्वेचाळीस मिनिटं ऐकल्याशिवाय ते अर्धंच ऐकल्यासारखं आहे.

काय नाही आवडलं ते पण सांगतो. एक म्हणजे अँडरसन वाचतात ते बऱ्याच ठिकाणी वाद्यांत बुडतं, चांगले हेडफोन नसतील तर शब्द निसटतात आणि इथे शब्द निसटले की गोष्टच निसटते. दुसरं, गाणी आटोपशीर आहेत, एकही आठ मिनिटांपर्यंत जात नाही. मॉर्निंगराईज या जुन्या अल्बममधे वीस मिनिटांचं गाणं करणारी ही बँड, आणि इथे कधीकधी एखादी मस्त रिफ (गिटारची परत परत फिरणारी छोटी धून) येते, वाटतं अजून चार वेळा फिरवा की राव, तोपर्यंत पुढचं वळण आलेलं असतं. पहिल्या दोनतीन ऐकण्यांत त्यामुळे थोडं गुदमरल्यासारखं झालं, आठवडाभराने सगळ्या वाटा पाठ झाल्या आणि मग ते गेलं. आणि नावं नसल्यामुळे मित्राशी बोलताना तिसऱ्यातलं का सहाव्यातलं हा घोळ अजून होतो.

सीडीबद्दल. मी ऑनलाईन मागवली, पहिली आली ती डबीला तडा गेलेली, पॅकिंग म्हणून नुसती पातळ पिशवी, विक्रेत्याला दोनदा फोटो पाठवावे लागले मग बदलून दिली. बदलून आलेली व्यवस्थित. कव्हर ट्रॅव्हिस स्मिथचं, जुन्या ग्रुप फोटोसारखं, ते हातात घेऊन बघण्यासारखं आहे, मोबाईलच्या स्क्रीनवर त्यातली माणसं नीट दिसतच नाहीत. आवाज म्हणाल तर मला सीडीवर बास आणि स्ट्रिंग्स जास्त वेगवेगळे ऐकू आले, वायरचे हेडफोन वापरा, गाडीत ऐकू नका, निदान पहिल्यांदा तरी नको. एलपी पण आहे, बजेट असेल तर घ्या, माझ्याकडे प्लेअर नाही त्यामुळे त्याबद्दल बोलत नाही.

कोणी घ्यावी? ओपेथ कधीच ऐकली नसेल आणि ग्राउलची भीती वाटत असेल तर इथनं सुरू करू नका, आधी २००३ चा डॅम्नेशन ऐका, त्यात ग्राउल अजिबात नाही, एका रात्रीत प्रेमात पडाल. मग ब्लॅकवॉटर पार्क, मग हा. आणि हेरिटेजनंतर ज्यांनी बँड सोडली त्यांनी तर ताबडतोब घ्या. ज्याच्या हार्डडिस्कवरून माझं सगळं सुरू झालं तो रूममेट २०११ पासून यांचं काहीच ऐकत नव्हता, आता नागपूरला असतो. मी त्याला काही न लिहिता फक्त पहिल्या कलमाची लिंक पाठवली. रात्री दीड वाजता त्याचा फोन. हॅलो नाही काही नाही, "बाकीची सात पाठव." मी म्हटलं लिंक नाही, सीडीच पाठवतो, पत्ता दे. दुसऱ्या दिवशी त्याच्यासाठी एक कॉपी मागवली, दुसऱ्या विक्रेत्याकडून, चार दिवसांत धड पोचली.