प्रोटॉन गेल्यावर मागे काय उरते? सोलापुरातील सेंद्रिय रसायनशास्त्राच्या एका उन्हाळी वर्गाचे परीक्षण

विजापूर रस्त्यालगतच्या एका वसाहतीत, राहत्या घराच्या वरच्या मजल्यावरील दोन खोल्यांत, दर उन्हाळ्याच्या सुट्टीत सेंद्रिय रसायनशास्त्राचा सहा आठवड्यांचा एक वर्ग चालतो. त्याला नावाची पाटी नाही आणि त्याची जाहिरातही कुठे होत नाही. मुले त्याला ‘मॅडमचा वर्ग’ एवढेच म्हणतात. बीएस्सीच्या पहिल्या वर्षात प्रवेश घेणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी असलेल्या या वर्गात दोनच विषय घेतले जातात: आम्ल आणि आम्लारी यांची प्रबलता, आणि अल्कीनांच्या (कार्बन-कार्बन द्विबंध असलेल्या संयुगांच्या) समावेशन अभिक्रिया, म्हणजे त्या द्विबंधावर दुसरे अणू जोडले जाण्याच्या अभिक्रिया. दीड-दीड तासाच्या २४ तासिका आणि ३,५०० रुपये शुल्क, असे त्याचे स्वरूप आहे. माझ्या मुलीने यंदा हा वर्ग पूर्ण केला. मी स्वतः माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवत असल्यामुळे मॅडमची परवानगी घेऊन मागच्या बाकावर बसले आणि २४ पैकी १४ तासिका ऐकल्या. त्यामुळे पुढील मत मुलीकडून ऐकलेल्या गोष्टींवर बेतलेले नाही.

बारावीच्या वर्षात मुलगी शहरातील एका शिकवणीला जात होती. तेथे नियम सांगितले जात, ते वहीत उतरवून घ्यावे लागत आणि परीक्षेच्या आदल्या दिवशी पाठ करावे लागत. द्विबंधावर हायड्रोजन कोणत्या कार्बनला जोडला जातो हे सांगणारा मार्कोव्हनिकोव्हचा नियम तिला शब्दशः येत होता; परंतु हायड्रोजन एका विशिष्ट कार्बनवरच का जातो, असे मी विचारले तेव्हा ‘नियम आहे म्हणून’ हेच उत्तर मिळाले. त्या उत्तराने मला बरेच दिवस अस्वस्थ केले, कारण माझ्या शाळेतील मुलेही उद्या हेच उत्तर देतील, हे मला दिसत होते.

मॅडमच्या वर्गाची सुरुवात हळदीने झाली. हळदीत बुडवून वाळवलेल्या कागदावर चुन्याच्या निवळीचा थेंब टाकला की लाल डाग पडतो आणि त्यावर लिंबू पिळले की तो पुन्हा पिवळा होतो, हे करून दाखवताना त्यांनी पंढरपूरच्या कुंकवाची आठवण करून दिली. हळदीवर आम्लारिधर्मी पदार्थाची क्रिया घडवूनच पारंपरिक कुंकू तयार होते. इथवरचा भाग शाळेतही होतो. त्यानंतर मात्र त्यांनी ब्रॉन्स्टेड आणि लॉरी यांनी १९२३ साली मांडलेली व्याख्या फळ्यावर लिहिली, आम्ल म्हणजे प्रोटॉन देणारा पदार्थ आणि आम्लारी म्हणजे तो घेणारा, आणि मुलांना म्हणाल्या, “आम्ल किती प्रबळ आहे हे ठरवताना आम्लाकडे बघू नका. प्रोटॉन गेल्यावर मागे काय उरते, तिकडे बघा.”

पुढचे सहा आठवडे हे एकच वाक्य वर्गात फिरत राहिले. ते समजावताना त्यांनी सासरी निघालेल्या लेकीचा दृष्टांत दिला. भरल्या घरातून लेक गेली तर तिच्या जाण्याचे ओझे दहा जण वाटून घेतात आणि घर सावरते. एकट्या आईच्या घरातून गेली तर ते घर तिला सहजासहजी जाऊ देत नाही. एथॅनॉलचा प्रोटॉन निघून गेला तर उरलेला ऋण भार एकाच ऑक्सिजनवर बसतो. फिनॉलचा गेला तर तो भार बेंझीनच्या वलयातील कार्बन अणूही वाटून घेतात. एथॅनॉलचा पीकेए, म्हणजे आम्लाची प्रबलता दाखवणारी संख्या, १६ च्या आसपास आहे आणि फिनॉलचा १०. ही संख्या जितकी लहान तितके आम्ल प्रबळ, आणि प्रत्येक एककामागे दहा पटींचा फरक असल्यामुळे या दोघांतील अंतर सुमारे दहा लाख पटींचे होते. ॲसिटिक आम्लात तोच भार दोन ऑक्सिजनांमध्ये सारखा विभागला जातो, म्हणून त्याचा पीकेए ४.७६ इतका खाली येतो. ऑक्सिजनसारख्या विद्युतऋण अणूंनी भार वाटून घेणे हे कार्बनने वाटून घेण्यापेक्षा अधिक सोयीचे असते, हे येथे त्यांनी आवर्जून सांगितले. माझ्या मते दृष्टांताची मर्यादा ओळखून तो वेळीच सोडून देणे हे चांगल्या शिक्षकाचे लक्षण आहे, आणि ते येथे दिसले.

क्लोरीनचा परिणाम शिकवताना त्यांनी संख्या पाठ करायला लावल्या नाहीत. त्या फळ्यावर उतरत्या क्रमाने मांडून मुलांकडून कारण काढून घेतले. ॲसिटिक आम्ल ४.७६, एक क्लोरीन असलेले २.८६, दोन असलेले सुमारे १.३ आणि तीन असलेले सुमारे ०.७. क्लोरीन इलेक्ट्रॉन आपल्याकडे ओढतो, त्यामुळे ऋण भार हलका होतो. मग हा ओढा किती दूरवर पोहोचतो? ब्युटॅनॉइक आम्लाचा पीकेए ४.८ आहे. क्लोरीन कार्बोक्सिल गटाशेजारच्या (प्रोटॉन देणाऱ्या COOH गटाशेजारच्या) कार्बनवर असेल तर तो २.९ च्या जवळ येतो, एक घर मागे सरकला तर ४.१ आणि आणखी एक घर मागे गेला तर ४.५. अंतर वाढले की प्रभाव झपाट्याने ओसरतो, हे मुलांनी स्वतः आकडे पाहून सांगितले, आणि तेही मराठीत, पूर्ण वाक्यात.

या वर्गाची शिफारस मी ज्या एका तासिकेसाठी करीन, ती तिसऱ्या आठवड्याच्या सुरुवातीची. मॅडमनी खडू हातात घेण्यापूर्वी प्रश्न विचारला: “पाणीही प्रोटॉन देऊ शकते. मग एथीन पाण्यातून नुसते सोडले तर त्याचे एथॅनॉल का होत नाही?” बराच वेळ कोणी बोलले नाही. शेवटी पूर्व भागातून येणाऱ्या, घरी तेलुगू बोलणाऱ्या एका मुलाने हळूच विचारले, “मॅडम, एथीन ही आम्लारी समजायची का?” त्या एका वाक्याने आधीचे दोन आठवडे आणि पुढचे चार आठवडे जोडले गेले.

एथीन ही सर्वांत साधी अल्कीन. तिच्या द्विबंधातील पाय बंधाचे, म्हणजे दोहोंपैकी सैल बंधाचे, इलेक्ट्रॉन दोन कार्बनच्या वर आणि खाली पसरलेले असतात, दुसऱ्या म्हणजे सिग्मा बंधातील इलेक्ट्रॉनांइतके घट्ट धरलेले नसतात आणि म्हणून प्रोटॉनला ते देता येतात. परंतु आम्लारी म्हणून अल्कीन अतिशय दुर्बल आहे. तिच्या गळी प्रोटॉन उतरवायचा तर देणारा प्रबळ हवा. पाण्याचा पीकेए १५.७ असल्यामुळे ते त्या कामाचे नाही, सल्फ्युरिक आम्ल मात्र आहे. हायड्रोजन आयोडाइड, हायड्रोजन ब्रोमाइड आणि हायड्रोजन क्लोराइड यांची अल्कीनाशी होणारी अभिक्रिया याच क्रमाने मंद होत जाते, आणि त्यांची आम्ल म्हणून प्रबलताही याच क्रमाने कमी होते. इतकी वर्षे मी या दोन गोष्टी दोन वेगळ्या प्रकरणांतील माहिती म्हणून शिकत आणि शिकवत आले. त्या एकाच गोष्टीच्या दोन बाजू आहेत, हे मला त्या दुपारी प्रथमच नीट उमगले आणि त्याचा आनंद मी वर्गातच व्यक्त केला.

प्रोटॉन घेतल्यावर कार्बनवर धन भार येतो, आणि तेथे पुन्हा तोच प्रश्न उभा राहतो: हा भार कोण वाटून घेणार? प्रोपीनमध्ये प्रोटॉन टोकाच्या कार्बनला जोडला गेला तर धन भार मधल्या कार्बनवर येतो आणि दोन्ही बाजूंचे मिथिल गट त्याला सावरतात; उलट झाले तर भार टोकाला एकटा पडतो. मार्कोव्हनिकोव्हने १८७० च्या सुमारास नियम मांडला, तेव्हा इलेक्ट्रॉनचा शोधही लागलेला नव्हता. ज्या कार्बनवर आधीच जास्त हायड्रोजन आहेत त्याला आणखी एक मिळतो, हे त्याचे निरीक्षण होते. निरीक्षण आणि कारण यांतील फरक दाखवण्यासाठी मॅडमनी जे उदाहरण निवडले ते फारच समर्पक होते. प्रोपीनच्या मिथिल गटातील तिन्ही हायड्रोजनांच्या जागी फ्लुओरीन बसवला, तर हायड्रोजन ब्रोमाइडमधला ब्रोमीन टोकाच्या कार्बनवर जातो, म्हणजे पाठ केलेल्या नियमाच्या नेमका विरुद्ध. परंतु कारण धरून चालणाऱ्याला येथे काहीच विपरीत वाटत नाही: तीन फ्लुओरीनांनी इलेक्ट्रॉन ओढून घेतलेल्या गटाशेजारी धन भार राहू शकत नाही, म्हणून तो दूरच्या कार्बनवर जातो. क्लोरीनने ॲसिटिक आम्लाचा ऋण भार हलका केला आणि येथे फ्लुओरीनने धन भार अवघड केला. ओढा एकच, परिणाम भारानुसार उलटा.

वक्र बाण काढण्याबाबत त्या अत्यंत काटेकोर आहेत. बाण प्रोटॉनपासून द्विबंधाकडे काढलेला दिसला की तो पुसायला लावतात, कारण बाण इलेक्ट्रॉनांची वाट दाखवतो आणि इलेक्ट्रॉन द्विबंधाकडे आहेत. माझ्या मुलीने पहिल्या आठवड्यात अकरा बाण पुसले. शेवटच्या चाचणीत तिचा एकही बाण उलटा नव्हता.

पेरॉक्साइड परिणामाची तासिकाही चांगली झाली. ॲलिल ब्रोमाइडवर हायड्रोजन ब्रोमाइडची अभिक्रिया करून पाहणाऱ्यांना कधी एक तर कधी दुसरे उत्पादित का मिळते, हा गोंधळ खराश आणि मेयो यांनी १९३३ साली कसा सोडवला, हवेच्या संपर्काने साठ्यात तयार झालेली पेरॉक्साइडे त्याला कशी कारणीभूत होती, हे त्यांनी उलगडून सांगितले. येथे प्रोटॉनऐवजी ब्रोमीनचा मुक्त मूलक, म्हणजे एकटा इलेक्ट्रॉन असलेला अणू, आधी येतो. तोही टोकाच्या कार्बनवरच बसतो, पण आधी येणारा बदलल्यामुळे उत्पादित उलटे होते. हायड्रोजन क्लोराइड किंवा आयोडाइडच्या बाबतीत हे का घडत नाही, हेही ऊर्जेच्या हिशेबाने दाखवले. हायड्रोजनेशनचा भाग थोडक्यात आटोपला, आणि ते योग्यच होते. शेंगदाणा तेलातील द्विबंधांवर निकेलच्या साहाय्याने हायड्रोजनचे समावेशन करून वनस्पती तूप बनते, हे मुलांना दहावीपासून ठाऊक असते.

आता उणिवा. ब्रोमीनच्या समावेशनाला दिलेली एकच तासिका फार अपुरी होती. द्विबंधाच्या एका बाजूने ब्रोमोनियम आयन (दोन्ही कार्बनांना जोडलेला धन भारित ब्रोमीन असलेला आयन) तयार होतो आणि दुसरा ब्रोमीन विरुद्ध बाजूने येतो, ही १९३७ साली रॉबर्ट्स आणि किंबॉल यांनी मांडलेली कल्पना सपाट फळ्यावर कितीही नीट काढली तरी अवकाशात डोळ्यांसमोर उभी राहत नाही. सायक्लोहेक्झीनपासून ट्रान्स, म्हणजे दोन ब्रोमीन विरुद्ध बाजूंना असलेले, उत्पादितच का मिळते हे मुलांनी मान्य केले, समजून घेतले नाही. आणि सिस व ट्रान्स ब्युट-२-ईन यांपासून वेगवेगळी उत्पादिते मिळतात, त्यांपैकी ट्रान्सपासून मिळणारे मेसो, म्हणजे आरशातील प्रतिमेशी एकरूप, असते, हे तर अनेकांच्या डोक्यावरून गेले. वर्गात रेणूंच्या प्रतिकृतींसाठी गोळे आणि काड्यांचा एकच संच होता आणि तो मॅडमच्या हातात होता. हा विषय हाताने फिरवून पाहिल्याखेरीज कळत नाही, म्हणून दर दोन मुलांमागे एक संच असायलाच हवा. हायड्रोबोरेशनचा (बोरॉनच्या संयुगाचे द्विबंधावर समावेशन करण्याचा) उल्लेख तर शेवटच्या दहा मिनिटांत उरकला गेला. सोलापुरात दुपारी खोलीचे तापमान चाळीशीच्या घरात गेले असताना तो कोणाच्या लक्षात राहिला असेल असे मला वाटत नाही. तासिका सकाळी आठला ठेवल्या तर हा त्रास बराच कमी होईल.

दुसरी उणीव लेखनाची. मराठीत तर्क मांडायचा आणि संज्ञा इंग्रजी ठेवायच्या, ही त्यांची पद्धत मला पटते. तेलुगू आणि कन्नड घरांतली मुलेही त्या मराठीत सहज बोलू लागली. परंतु विद्यापीठाची उत्तरपत्रिका बहुतेक मुले इंग्रजीत लिहिणार आहेत, आणि वर्गात जे कारण तोंडी सुंदर सांगता आले ते लिहिण्याचा सराव मात्र केवळ तीन चाचण्यांपुरता झाला. त्यांपैकी दुसऱ्या चाचणीचे पेपर बारा दिवसांनी परत मिळाले. तोवर वर्ग पुढच्या विषयावर गेलेला होता.

छापील टिपणांत एक चूकही आढळली. अमाइनांच्या, म्हणजे अमोनियातील एक, दोन किंवा तीन हायड्रोजनांच्या जागी कार्बनी गट असलेल्या प्राथमिक, द्वितीयक आणि तृतीयक संयुगांच्या, तक्त्यात तृतीयक अमाइन सर्वांत प्रबळ आम्लारी असल्याचे सरसकट लिहिले होते. वायुरूपात ते खरे आहे. पाण्यात मात्र मिथिल अमाइनांचा क्रम द्वितीयक, प्राथमिक, तृतीयक आणि शेवटी अमोनिया असा लागतो, कारण प्रोटॉन घेतल्यानंतर तयार झालेल्या आयनाला पाण्याचे रेणू हायड्रोजन बंधांनी सावरतात आणि तृतीयक आयनाकडे त्यासाठी एकच हायड्रोजन शिल्लक असतो. हा मुद्दा मी तासिकेनंतर काढण्याचे ठरवले होते, त्याआधीच माझ्या मुलीने हात वर करून विचारले, “मॅडम, प्रोटॉन आल्यानंतर मागे जे उरते त्याला पाणी सावरणार नाही का?” मॅडमनी टिपण हातात घेऊन वाचले, चूक मान्य केली, आणि दुसऱ्या दिवशी दुरुस्त पान सर्वांना स्वतः वाटले. पुढची तुकडी दिवाळीच्या सुट्टीत असून त्या वेळी रेणूंच्या प्रतिकृतींचे आणखी संच घेणार असल्याचे आणि ब्रोमीनसाठी तीन तासिका ठेवणार असल्याचे त्यांनी मला सांगितले आहे. ज्यांना बारावीचे नियम पाठ आहेत पण त्यांची कारणे सांगता येत नाहीत, अशा मुलांच्या पालकांनी त्या तुकडीची चौकशी जरूर करावी.