धूळ उणे करायची कशी: मॉडेल बांधून की न बांधता?

मार्च २०१४ मध्ये दक्षिण ध्रुवावरच्या बायसेप-२ या दुर्बिणीने वैश्विक पार्श्वप्रारणाच्या (महास्फोटानंतर उरलेल्या, सगळ्या आकाशातून येणाऱ्या मंद प्रारणाच्या) ध्रुवीकरणात, म्हणजे त्याच्या कंपनाच्या दिशेत, आदिम गुरुत्वीय लहरींची खूण सापडल्याचं जाहीर केलं. पुढच्याच वर्षी प्लँक उपग्रहाच्या ३५३ गिगाहर्ट्‌झच्या नकाशाशी ताडून पाहिलं, तेव्हा दाव्यातली हवा गेली. त्या खुणेत आपल्याच आकाशगंगेची धूळ मोठ्या प्रमाणात होती.

ही धूळ काढायच्या दोन वाटा. कमांडर या संगणक-प्रणालीसारखी पद्धत मॉडेल बांधते: धुळीचं तापमान साधारण २० केल्विन, वर्णपटाचा घातांक (वारंवारितेबरोबर धुळीची चमक कशी बदलते ते सांगणारा आकडा) १.५ ते १.६, आणि आकाशाच्या प्रत्येक ठिपक्यावर हे आकडे जुळवत जायचं. फायदा म्हणजे धुळीचा नकाशाही हाती येतो आणि त्रुटीचा हिशेबही. पण एकाच दिशेला गरम-थंड असे दोन ढग एकामागे एक असले की एका तापमानाचं मॉडेल फसतं.

दुसरी वाट, आयएलसी (वेगवेगळ्या वारंवारितांच्या नकाशांची वजनं लावून केलेली बेरीज), धुळीबद्दल काही विचारतच नाही. पार्श्वप्रारण योग्य एककांत सगळ्या वारंवारितांवर सारखंच दिसतं, एवढंच तिला पुरतं. धूळ ३५३ गिगाहर्ट्झवर १५० गिगाहर्ट्झच्या सुमारे २५ पट दिसते. म्हणून १५० च्या नकाशाला २५/२४ ने गुणा, त्यातून ३५३ चा चोविसावा भाग वजा करा. धूळ गायब, पार्श्वप्रारण जसंच्या तसं! (प्रत्यक्षात ही वजनं, म्हणजे गुणक, किमान विचरणातून निघतात: मिळणाऱ्या नकाशातला चढउतार कमीत कमी राहील असे ते निवडतात.) तेव्हा पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेत असलेले शास्त्रज्ञ तरुण सौरदीप यांनी सहकाऱ्यांसह २००६ मध्ये डब्ल्यूमॅप उपग्रहाच्या नकाशांसाठी याच धाटणीचं काम केलं होतं.

तापमानाच्या नकाशाला मी बेलाशक आयएलसी घेईन. ध्रुवीकरणात मात्र उरलेली धूळ किती, हे सांगता आलंच पाहिजे, तिथे मॉडेलच.