शपथ झाली, पासपोर्ट यायचा आहे: मधल्या काळात झालेली फसवणूक

अमेरिकेचे नागरिकत्व घेणाऱ्या भारतीय माणसाच्या आयुष्यात काही आठवडे असे येतात, की देशाबाहेर जाऊन परत येण्यासाठी त्याच्याजवळ एकही वैध कागद नसतो. शपथविधीच्या वेळी ग्रीन कार्ड परत घेतले जाते. शपथ घेतल्यावर, १९५५ च्या नागरिकत्व कायद्याच्या कलम ९ प्रमाणे, भारतीय नागरिकत्व संपते, आणि कपाटातल्या भारतीय पासपोर्टवर पुढच्या कितीही वर्षांची मुदत छापलेली असली तरी तो प्रवासासाठी वापरण्याचा अधिकार उरत नाही. अमेरिकेचा पासपोर्ट आपोआप मिळत नाही, त्यासाठी वेगळा अर्ज करावा लागतो. तोपर्यंत हातात असते ते केवळ नागरिकत्वाचे मूळ प्रमाणपत्र. नेमक्या याच काळात भारतातून वाईट बातमी आली, तर माणूस किती अगतिक होतो हे ज्यांना पुरते ठाऊक आहे, त्यांनी त्यावर धंदा उभारला आहे. त्या धंद्याची पद्धत मी जवळून पाहिली, आणि ती इतरांना कळावी म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

२०२४ च्या हिवाळ्याच्या तोंडावर न्यूजर्सीत माझा शपथविधी झाला. पासपोर्टच्या अर्जाची जुळवाजुळव चालू असतानाच साताऱ्याहून भावाचा फोन आला, की बाबांना पक्षाघाताचा झटका आला असून ते अतिदक्षता विभागात आहेत. साध्या अर्जाला तेव्हा चार ते सहा आठवडे लागत होते आणि जादा शुल्क भरून केलेल्या अर्जालाही दोन ते तीन आठवडे, शिवाय टपालाचा वेळ वेगळा. आमच्या भागातल्या मराठी मंडळींच्या व्हॉट्सॲप गटावर ‘नवीन नागरिकांसाठी तातडीचा पासपोर्ट, व्हिसा आणि ओसीआय एकाच ठिकाणी’ अशी जाहिरात वारंवार फिरत असे. (ओसीआय म्हणजे परदेशी नागरिकत्व घेतलेल्या भारतीय वंशाच्या माणसाला भारतात येण्या-राहण्यासाठी मिळणारे कार्ड.) एडिसन परिसरातल्या त्या कार्यालयात मी त्याच दिवशी गेले.

समोरचा गृहस्थ उत्तम मराठी बोलत होता. बाबांची चौकशी त्याने इतक्या आपुलकीने केली, की पैशाचा विषय निघायला बराच वेळ गेला. ‘ताई, तुम्ही फक्त तिकीट बघा, बाकीचे माझ्यावर सोडा,’ असे म्हणून त्याने सांगितले, की न्यूयॉर्कच्या सरकारी पासपोर्ट एजन्सीत अपॉइंटमेंटचा ठरावीक कोटा त्याच्याकडे असतो आणि ६५० डॉलर भरले की दोन दिवसांत काम होईल. अर्ज भरून देण्याचे ३०० डॉलर वेगळे. भारताचा व्हिसा आणि ‘दहा दिवसांत ओसीआय’ यांसाठी आणखी आगाऊ रक्कम. सगळे पैसे त्याने झेल या बँकेतून बँकेत पैसे पाठवण्याच्या अमेरिकी सेवेवरून आणि तेही कार्यालयाच्या नव्हे, एका व्यक्तीच्या खात्यावर मागितले. क्रेडिट कार्ड चालत नाही, असे त्याने सुरुवातीलाच सांगून टाकले होते.

यातली एकेक गोष्ट तपासली तर काय दिसते ते पाहावे. पासपोर्ट एजन्सीची अपॉइंटमेंट पूर्णपणे मोफत असते. तिचा कोटा कुणालाही दिलेला नसतो, आणि पैसे मागणारा माणूस फसवणूक करत आहे असे अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याच्या संकेतस्थळावर स्पष्ट म्हटलेले आहे. अर्जाचा नमुनाही त्याच संकेतस्थळावर विनामूल्य मिळतो. पहिल्या पासपोर्टचे सरकारी शुल्क त्या वेळी १३० डॉलर, अर्ज स्वीकारण्याचे ३५ आणि तातडीसाठी ६०, एवढेच होते. ओसीआयचे आश्वासन तर मुळातच अशक्य होते, कारण त्याचा क्रम ठरलेला आहे: आधी अमेरिकेचा पासपोर्ट, मग तो दाखवून भारतीय पासपोर्ट रद्द करून घेतल्याचे सरेंडर सर्टिफिकेट, आणि ते जोडून ओसीआयचा अर्ज. पहिली पायरीच झालेली नसताना तिसरीचे पैसे घेणारा माणूस खोटे बोलत असतो, एवढे ओळखायला कायद्याचे ज्ञान लागत नाही. पण हा क्रम नव्या नागरिकाला शपथविधीच्या सभागृहात कुणी समजावून सांगत नाही.

पैशापेक्षा घातक गोष्ट म्हणजे त्याने माझे मूळ प्रमाणपत्र आणि जुना भारतीय पासपोर्ट ‘पडताळणीसाठी’ ठेवून घेतला. नागरिकत्वाच्या प्रमाणपत्रावर अशी सूचना छापलेली असते, की कायदेशीर अधिकाराशिवाय त्याची नक्कल करणे किंवा छायाचित्र घेणे हा दंडनीय गुन्हा आहे. ती सूचना बोटाने दाखवून तो म्हणाला, की प्रत काढणे तुमच्या अंगाशी येईल, म्हणून मूळच ठेवा. वास्तविक पासपोर्टच्या अर्जासोबत मूळ प्रमाणपत्राबरोबर त्याची झेरॉक्स प्रतही पासपोर्ट कार्यालय स्वतःच मागते. म्हणजे रीतसर कामासाठी प्रत काढण्यात गैर काहीच नाही. सूचना खरी होती, पण तिचा धाक दाखवून त्याने मूळ कागद आपल्या खणात घातला, आणि त्या क्षणापासून मी त्याच्यावर सर्वस्वी अवलंबून राहावे अशी व्यवस्था झाली. हरवलेल्या प्रमाणपत्राऐवजी दुसरे मिळवायला ५०० डॉलरहून अधिक शुल्क आणि अनेक महिने लागतात, हे त्याला माझ्यापेक्षा चांगले माहीत होते.

पुढे अपेक्षेप्रमाणे घडत गेले. अपॉइंटमेंट मिळाली, मग ती रद्द झाली, मग ‘वरच्या माणसाला’ द्यायला आणखी पैसे हवे झाले. साताऱ्याहून रोज फोन येत होते. आणि एका संध्याकाळी त्याने जो सल्ला दिला, तो मला या सर्व प्रकारातला सर्वांत क्रूर भाग वाटतो. तो म्हणाला, की शपथेनंतर तीन महिने भारतीय पासपोर्ट चालतो, सगळे असेच जातात, तुम्ही त्यावर निघा, मी तो आजच परत देतो, प्रमाणपत्र मात्र माझ्याकडे राहू द्या, तुम्ही येईपर्यंत काम झालेले असेल.

हा तीन महिन्यांचा समज आपल्या लोकांत खोलवर रुजलेला आहे, म्हणून त्याविषयी थोडे विस्ताराने लिहिते. भारतीय पासपोर्ट रद्द करून घेण्याच्या प्रक्रियेत दंडाची आकारणी करताना मुदतींचा विचार होतो, त्यावरून ‘तेवढे दिवस परवानगी आहे’ असा सोयीचा अर्थ लोकांनी काढला आहे. पण नागरिकत्व शपथेबरोबरच गेलेले असते आणि नागरिक नसलेल्या माणसाने त्या देशाचा पासपोर्ट वापरणे हा त्याचा गैरवापरच ठरतो. दुसऱ्या बाजूला, अमेरिकेच्या कायद्याप्रमाणे तिच्या नागरिकाने देशाबाहेर जाताना आणि आत येताना अमेरिकेचाच पासपोर्ट बाळगणे आवश्यक आहे. हे दोन्ही क्षणभर बाजूला ठेवले, तरी परत येण्याचा प्रश्न उरतोच. ग्रीन कार्ड जमा झालेले, अमेरिकेचा पासपोर्ट नाही, भारतीय पासपोर्टवर अमेरिकेचा व्हिसा नाही: अशा प्रवाशाला मुंबईच्या विमानतळावर कोणतीही विमान कंपनी विमानात बसू देणार नाही. मग मुंबईतल्या अमेरिकी वाणिज्य दूतावासात पासपोर्टसाठी अर्ज करावा, तर तिथेही नागरिकत्वाचा मूळ पुरावा लागणार, आणि तो एडिसनमधल्या एका खणात पडलेला असणार. आजारी वडिलांच्या उशाशी बसलेली मुलगी त्या वेळी मागेल ती रक्कम पाठवेल, हा हिशोब त्या सल्ल्यामागे होता, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

यातून सुटका झाली ती एका मराठी शेजारीणबाईंमुळे. त्यांनी मला सांगितले, की जवळच्या नातेवाइकाचा मृत्यू झाला असेल किंवा त्याचा जीव धोक्यात असेल, तर परराष्ट्र खात्याची वेगळी आपत्कालीन सोय आहे. प्रवास दोन आठवड्यांच्या आत असावा लागतो. रुग्णालयाच्या छापील कागदावर डॉक्टरांच्या सहीचे, इंग्रजीत लिहिलेले पत्र आणि प्रवासाचे तिकीट दाखवावे लागते. आईवडील, मुले, पती किंवा पत्नी, भावंडे, आजी-आजोबा यांच्यासाठीच ती सोय मिळते, काका-मामांसाठी नाही. फोन करून वेळ घ्यायची असते आणि त्या वेळेचे कुणी पैसे घेत नाही. ते साधले नाही, तर अमेरिकेच्या संसदेतल्या, म्हणजे काँग्रेसमधल्या, आपल्या मतदारसंघाच्या सदस्याच्या कार्यालयाकडेही अशा अडचणीत मदत मागता येते. हे सगळे पहिल्या दिवसापासून माझ्यासाठी खुले होते, फक्त त्यासाठी लागणारे मूळ प्रमाणपत्र दुसऱ्याच्या ताब्यात होते.

त्या शेजारीणबाई आणि माझे पती माझ्याबरोबर कार्यालयात आले. प्रमाणपत्र आत्ता न मिळाल्यास इथूनच पोलिसांना फोन करू, असे आम्ही शांतपणे सांगितले. बऱ्याच टाळाटाळीनंतर दोन्ही कागदपत्रे मिळाली, पैसे मात्र मिळाले नाहीत. भावाने साताऱ्याच्या डॉक्टरांकडून पत्र मागवून पाठवले, न्यूयॉर्कच्या पासपोर्ट एजन्सीत वेळ मिळाली आणि दुसऱ्या दिवशी पासपोर्ट हातात आला. पुढे भारतीय वाणिज्य दूतावासाने ते पत्र पाहून तातडीचा व्हिसा दिला. मी पोहोचले तेव्हा बाबांची वाचा गेलेली होती. त्या कार्यालयाच्या दारात घालवलेले दिवस हाती असते, तर त्यांच्याशी दोन शब्द बोलता आले असते, ही गोष्ट कुठल्याही रकमेने भरून येणार नाही.

परतल्यावर मी बँकेकडे गेले. झेलवरून स्वतःच्या संमतीने पाठवलेली रक्कम परत मिळणे फार अवघड असते, हे तिथे कळले. क्रेडिट कार्डाने दिलेल्या पैशांबाबत निदान रीतसर हरकत घेता येते, आणि कार्ड नाकारण्यामागचे कारणही तेच असावे. केंद्रीय व्यापार आयोगाकडे आणि राज्याच्या ग्राहक विभागाकडे मी तक्रार नोंदवली आहे. नागरिकत्व आणि स्थलांतराविषयी कायदेशीर सल्ला देण्याचा अधिकार वकिलाला किंवा न्याय खात्याने मान्यता दिलेल्या प्रतिनिधीलाच असतो, हेही मी तक्रारीत लिहिले, कारण जुन्या पासपोर्टवर जाण्याचा सल्ला देणारा तो माणूस यांपैकी कुणीच नव्हता.

ज्यांचा शपथविधी जवळ आला आहे, त्यांना माझी कळकळीची विनंती आहे, की भारतात सगळे ठीक असले तरी शपथेनंतर त्याच आठवड्यात टपाल कार्यालयात किंवा काउंटी क्लर्ककडे जाऊन, तातडीचे शुल्क भरून पासपोर्टचा अर्ज करावा. प्रमाणपत्राच्या दोन्ही बाजूंची प्रत आधी काढून घरी ठेवावी आणि मूळ कागद अर्ज स्वीकारणाऱ्या सरकारी अधिकाऱ्याखेरीज कुणाच्याही हाती देऊ नये. अर्जासोबत दिलेले प्रमाणपत्र पासपोर्टपासून वेगळ्या पाकिटातून नंतर येते, त्यामुळे ते आले नाही म्हणून घाबरून कुणा मध्यस्थाकडे धावू नये. भारताचा ई-व्हिसा काढायचा असेल, तर ज्याचा पत्ता ‘डॉट गव्ह डॉट इन’ने संपतो त्या सरकारी संकेतस्थळावरूनच काढावा. शोध घेतल्यावर वर दिसणाऱ्या जाहिरातींत तशीच रंगसंगती आणि तीच सिंहमुद्रा वापरणारी बनावट संकेतस्थळे असतात आणि ती मूळ शुल्काच्या कितीतरी पट रक्कम घेतात.

त्या कार्यालयाची पाटी आता बदलली आहे, पण जाहिरातीचा मजकूर तोच असून ती अजूनही आमच्या गटांवर येते. ती दिसली की मी त्याखाली मोफत अपॉइंटमेंटची माहिती आणि परराष्ट्र खात्याचा फोन क्रमांक टाकते. आपापल्या गटांत इतरांनीही तसे करावे.